जावयाच्या न्हाण्याची लाकडं

नागोजीरावांच्या पोटात दुखायला लागलं ते शंभूरावांच्या लाकडांमुळे. दोघे मूळचे म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातले, एकाच कचेरीतून रिटायर झालेले, आणि बैलकुप्प्याच्या पलीकडे डोंगरात शेजारी शेजारी घर बांधून राहिलेले. आता तिथे ना बढती, ना बदली. मग माणसाने कुणाचा हेवा करायचा तरी कशावरून?

शंभूरावांनी सिल्व्हर ओकचे ढलपे कुंपणालगत असे रचले होते की विटांची भिंत वाटावी. येणारा-जाणारा थांबून बघायचा. तेही नागोजीरावांनी सोसलं असतं. पण लग्न ठरवायला आलेला होणारा जावई खंडोजीराव, नागोजीरावांच्याच घरचा उपमा खाऊन, त्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "वा, याला म्हणतात शिस्त." त्या दिवशी नागोजीरावांना जेवण गेलं नाही.

ऐन आषाढात, लोक छत्र्या शोधतात तेव्हा, हे कुऱ्हाड घेऊन निघाले. फणस पाडला, आणखी दोन झाडं पाडली, तीन महिने फोडत बसले. ओलं लाकूड असं गच्च रचलं तर सुकणार कधी, असं त्यांच्या बायकोने, गिरिजाबाईंनी, एकदा विचारून पाहिलं. नागोजीरावांनी त्यांना उंची बघायला सांगितलं. कुंपणाच्या अलीकडे त्यांची रास शंभूरावांच्या राशीपेक्षा चांगली हातभर वर गेली होती. घरातली कोरडी काटकीसुद्धा फटी बुजवायला त्यात गेली.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला खंडोजीराव आले ते संध्याकाळच्या बसने, पावसात, अंधार पडल्यावर. त्यांना काही दिसलंच नाही. न्हाणीघरातला तांब्याचा हंडा रीतीप्रमाणे भरून, पूजा करून ठेवला होता. पहाटे तेलन्हाणासाठी तो तापवायचा, तर गिरिजाबाईंकडे काडी नाही.

"अय्यो, सुम्ने, नुसते पाच-सहा ढलपे द्या की. पाणी बर्फ झालंय."

"उजाडू दे. जावयांनी रास बघितली की मग सगळी जाळ."

"न्हाल्याशिवाय जावई बाहेर येतील कसे?"

नागोजीरावांना पेच कळला, उपाय पटला नाही. "शंभूकडून माग," ते म्हणाले.

गिरिजाबाई टोपली घेऊन कुंपणाशी गेल्या, तर पलीकडे शंभूरावांच्या नर्मदाबाई रिकामी टोपली घेऊन उभ्या. तुमच्या जावयाने पुन्हा एकदा बघेपर्यंत राशीला हात लावायचा नाही, असा त्यांच्याकडचाही हुकूम होता. दोघी एकमेकींच्या टोपलीकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी ठरवलं, तुमचं आम्ही जाळतो, आमचं तुम्ही जाळा.

नवल म्हणजे दोन्ही नवरे एका शब्दात तयार झाले. नुसते तयार नाही, टोपल्या घेऊन स्वतःच निघाले. नागोजीरावांनी शंभूरावांच्या राशीतले वरचे ढलपे सोडले आणि खालच्या थरातले, सगळा भार पेलणारे, एकेक निवडून ओढले. इतकं समाधान त्यांना पेन्शन सुरू झाली तेव्हाही झालं नव्हतं. पलीकडे शंभूरावही खालूनच ओढत होते.

खंडोजीराव न्हायला बसले आणि बाहेर मोठा धडाड आवाज झाला. दोन्ही राशी एकमेकींवर कोसळल्या होत्या. कुंपण कुठे गेलं ते दिसेना.

थोड्या वेळाने जावई डोक्याला टॉवेल गुंडाळून, लालबुंद होऊन बाहेर आले. "मामा, असं न्हाण जन्मात झालं नव्हतं. पाणी कसं कढत होतं. लाकूड तुमचंच ना?"

नागोजीराव उत्तर जुळवत होते, तेवढ्यात शेजारच्या न्हाणीघरातून काळ्या धुराचा लोट निघाला आणि त्यामागून शंभूराव. डोक्यावर तेल तसंच, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"नागोजी," ते खोकत म्हणाले, "तुझं लाकूड नुसतं रडतंय. हंडा अजून गार आहे."

शंभूच्या डोळ्यांत पाणी बघायची नागोजीरावांची किती दिवसांची इच्छा होती. पण जावई एकदा शेजारच्या धुराकडे, एकदा सासऱ्याकडे बघत होते.

नागोजीराव पडलेल्या ढिगाशी गेले. वाकून एक खडखडीत ढलपा उचलला आणि आपल्या अंगणात टाकला. मग दुसरा. तिसऱ्यातून पाणी गळत होतं, तो त्यांनी अदबीने शंभूरावांच्या पायाशी ठेवला.

"सगळं एकत्र झालंय, शंभू," ते म्हणाले. "तुझं तू ओळखून घे. कोरडं तेवढं आमचं."