नाना बापटांच्या फाइलमधली स्थळं

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या नाना बापटांच्या फाइलमध्ये सध्या अकरा स्थळं आहेत. त्यातलं सर्वांत धाकटं बेचाळीस वर्षांचं. सगळ्यांची लग्नं केव्हाच झालीत, दोघे तर आजोबा आहेत. नाना मात्र प्रत्येकाला 'मुलगा'च म्हणतात.

ही मुलं म्हणजे अमेरिकन फुटबॉल संघांतले कृष्णवर्णीय असिस्टंट कोच. मैदानावर बहुतेक खेळाडू कृष्णवर्णीय आणि हेड कोच मात्र बोटांवर मोजण्याइतके, हे नानांना सहन होत नाही. जानेवारीत संघ हेड कोचना नारळ देऊ लागले, की हे निवृत्त ऑटो इंजिनिअर संघमालकांना पत्रं धाडतात. सोबत बायोडेटा. तो त्यांना एकाच पद्धतीचा येतो: उंची, शिक्षण, घरची माणसं, निर्व्यसनी, मनमिळाऊ. अपेक्षांच्या रकान्यात मी एकदा वाचलं, 'संघ सुस्वभावी असावा.'

"आधी स्वतःच्या मुलाचं जमवा. चाळिशीला आला तो," बापटकाकू म्हणतात.

"त्याला निदान नकार तरी खरे मिळतात!" नाना उसळतात.

फुटबॉल लीगच्या नियमाप्रमाणे संघांना हेड कोच नेमताना अशा कृष्णवर्णीय उमेदवारांनाही मुलाखतीला बोलवावंच लागतं. नाना त्याला 'पोह्यांचा कार्यक्रम' म्हणतात. "अगं, यांचं दुसरीकडे आधीच ठरलेलं असतं. मुलाला नुसते पोहे खायला घालून परत पाठवतात."

यंदा त्यांच्या सर्वांत लाडक्या मुलाला पाचव्यांदा नकार आला. नाना दुपारी जेवलेच नाहीत. त्यांना हसवायला मी म्हटलं, "नानाकाका, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? तुम्ही तर मॅनेजर होऊन रिटायर झालात!"

नानांनी फाइल मिटली.

"त्या पोस्टसाठी वॉल्टरचाही इंटरव्ह्यू झाला होता," ते म्हणाले. वॉल्टर त्यांच्या ऑफिसातला कृष्णवर्णीय सीनियर. नानांना काम शिकवलं त्यानंच. "बॉसनं मला आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं, जॉब तुझाच. वॉल्टर नवा सूट घालून आला. टाय नीट आहे का, मलाच विचारलं. मी म्हटलं, मस्त दिसतोयस."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. "मालकांना कसली पत्रं लिहिताय? एक फोन वॉल्टरला करा ना!"

मला वाटलं, टाळतील. पण त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. नंबर पाठ होता. स्पीकरवर वॉल्टरचा म्हातारा आवाज आला आणि नानांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.



"तेव्हा का नाही बोललास?" वॉल्टरनं विचारलं.

"घाबरलो होतो," नाना म्हणाले. मग मान हलवून म्हणाले, "नाही. ती पोस्ट मला हवी होती."

नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.