अंगठ्याखालच्या शर्यतीची हकिकत

समस्त दफ्तरदार, वाचक, शोधक आणि पान उलटण्याआधी बोट जिभेस लावणारे थोर लोक यांसी विदित व्हावे जे, थोरांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले. परंतु जी लढाई एका डाव्या अंगठ्यापायी उभी राहिली आणि जिच्यात सर्वांत मागे राहणाराच विजयी ठरला, तिची हकिकत कोणी लिहिली नाही. म्हणोन ती येथे यथास्थित लिहिली असे. पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे शोभेल इतुकेच घातले.

शहरच्या वाचनालयात जिन्याखालच्या खोलीत डिजिटल दफ्तराचे ठाणे होते. तेथील मुख्य सरदार स्कॅनबाई, हुद्दा सहायक, पगार बेताचा, चष्मा जाड, स्वभाव करारी. शहरच्या दैनिकाचे जुने अंक वर्षावर्षाने बांधोन जाड खंड केले होते, आणि सरकारी खात्यांचे अहवालही तैसेच रचोन ठेविले होते. ते सर्व कॅमेऱ्याखाली धरोन संगणकात उतरवावे, ही कामगिरी बाईंकडे. परंतु खंड मोठे मस्तवाल, पान उघडले की फुगोन वर येई. पान दाबणारी काच मोहिमेच्या आरंभीच तडकली, नव्या काचेचा अर्ज वर गेला तो वरच राहिला, आणि इकडे संचालकसाहेबांचा हुकूम सुटला की दफ्तराच्या उद्घाटनापूर्वी तमाम खंड फत्ते व्हावेत. मग बाईंनी तजवीज केली ती ऐसी, डाव्या अंगठ्याने पानाचा खालचा कोपरा दाबावा आणि उजव्या हाताने कळ दाबावी. त्यायोगे पाने सपाट आली आणि कोपऱ्याकोपऱ्यांत अंगठा उमटला.

त्या दैनिकाची रीत ऐसी की, मोठ्यांची भाषणे वरती छापावी आणि बक्षिसे, बदल्या, हरवले-सापडले हा किरकोळ मजकूर खालच्या डाव्या कोपऱ्यात सारावा. म्हणोन अंगठ्याखाली कोणाचे राज्य गेले नाही, फार तर कोणाची छत्री गेली. अंगठा सर्वांस ठाऊक होता. कचेरीत चहाच्या वेळी त्याची थट्टा होई, बाईही हसत, आणि दफ्तर शंभर टक्के पूर्ण जाहल्याचा दाखला संचालकसाहेबांच्या सहीनिशी वर रवाना जाहला.

ऐसे सर्व क्षेम असता बाईंच्या घरी परचक्र आले. ते कैसे, तर बाईंच्या मातोश्री तरुणपणी शहरच्या क्रीडामेळाव्यात महिलांच्या संथ सायकल शर्यतीत उतरल्या होत्या. ज्यांस ठाऊक नसेल त्यांनी समजोन घ्यावे की, या शर्यतीत जो पाय न टेकता सर्वांत शेवटी पोहोचतो तो पहिला. मातोश्रींचा दावा की पहिला नंबर त्यांचा. परंतु त्याच शर्यतीत धाकटी मावशीही होती, आणि बक्षिसाचे मनगटी घड्याळ आजतागायत मावशीच्या मनगटावर. मावशी म्हणे शर्यत मीच जिंकले, आणि घड्याळ पुढे करी. घड्याळापुढे कोणाचे चालते? बाईंचे बंधुराज तर म्हणत की आई शेवटी आली असेल हे पटते, पहिली आली हे पटत नाही.

वर्षानुवर्षे हा वाद हसण्यावारी गेला. पण अलीकडे मातोश्री गॅसवर दूध ठेवोन विसरत, चष्मा कपाळावर असता घरभर शोधीत. मग बंधुराजांनी मसलत केली की आई आता न घडलेल्या गोष्टी आठवते, सबब डॉक्टरास दाखवावी, आणि सोमवारची वेळही घेतली. आदल्या दिवशी रविवारी मावशी मुक्कामास येणार होती. शनिवारी सकाळी बाई डबा भरीत असता मातोश्री ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “अगं, मलाच आता वाटायला लागलंय, मी ती सायकल खरंच चालवली होती का नुसती मनात? तुझ्या त्या कॉम्प्युटरात सगळं आहे म्हणतेस ना? मग बघ की एकदा. नसेल तर नाही म्हणून सांग, मी जाते डॉक्टरकडे.”

आई भांडली असती तर बरे, पण ती शरण येत होती, हे बाईंस सहन होईना. डबा ओट्यावरच राहिला आणि बाई मोहिमेवर निघाल्या.

ठाण्यात येताच प्रथम मातोश्रींचे माहेरचे नाव संगणकास घातले; संगणकाने फिरफिर फिरोन काही सापडले नाही म्हणोन जाब दिला. मग बाईंनी सरकारी अहवालांची फौज बाहेर काढली. क्रीडा खात्याच्या वार्षिक अहवालात मैदानावर चुना किती पडला, पाण्याचे पिंप किती फुटले, प्रमुख पाहुणे किती उशिरा आले, हे सर्व बारकाईने नमूद होते. आणि शेवटास मजकूर ऐसा की, महिलांची संथ सायकल स्पर्धा समाधानकारक रीतीने पार पडून विजेतीस मनगटी घड्याळ देण्यात आले. विजेती कोण, हे सरकारास सांगावेसे वाटले नाही. परंतु तारीख हाती आली, हीच मोठी कुमक.

तारखेवरोन दुसऱ्या दिवशीचे दैनिक उघडले. वरती पाहुण्यांचे भाषण तीन रकाने दौडत होते. खाली डाव्या कोपऱ्यात मथळा दिसला, सायकल शर्यतीचा. त्याखाली ओळ ऐसी की, सर्वांत शेवटी पोहोचून पहिला क्रमांक पटकावण्याचा मान मिळवला तो कुमारी, आणि पुढे अंगठा. भला थोरला, चकचकीत, नखावर दारात सापडल्याची जुनी खूण असलेला डावा अंगठा. बाईंनी पडद्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे पाहिले. “मेल्या, इथेच बसायचं होतं तुला?” इतकेच त्यांच्या मुखातून निघाले.

आता मूळ खंड काढोन पाहणे हाच मार्ग. परंतु मूळ खंड कोठीत मोहरबंद, आणि कोठीचे मालक भांडारपाल काका, किल्ल्यांचे जुडगे कमरेस, संचालकसाहेबांच्या हुकमाविना कुलपास हात न लावणारे. म्हणोन बाई खासा संचालकसाहेबांच्या दालनावर चालोन गेल्या. साहेब शनिवारच्या अर्ध्या दिवसाचे कागद आवरीत होते. त्यांनी अर्जी ऐकिली आणि फर्मावले की, ज्या पानाचे स्कॅन जाहले ते पान पुन्हा उघडू नये; उघडले तर स्कॅन चुकले ऐसे होईल, चुकले तर शंभर टक्के राहणार नाही, आणि शंभर टक्के राहिले नाही तर दाखल्यावरील सहीचे काय? सबब अर्जी नामंजूर.

पहिला हल्ला ऐसा फसला. बाई जिन्याखाली परतल्या आणि डोके धरोन बसल्या. तेव्हां त्यांस एक गोष्ट स्मरली. संचालकसाहेब दर सभेत, दर निरोपसमारंभात आणि एकदा तर लिफ्ट बंद पडली असता आतही सांगत की, बालपणी वक्तृत्वात त्यांस ढाल मिळाली होती आणि दैनिकात फोटो आला होता. बक्षिसाचा फोटो, म्हणजे कोपरा! बाईंनी साहेबांची शाळा संगणकास घातली, आणि पान सापडताच त्यांच्या मुद्रेवर जे तेज आले ते कोठीच्या कुलपासही दिसले असते.

मग बाई लॅपटॉप घेऊन पुनश्च दालनात शिरल्या आणि पडदा साहेबांपुढे वळविला. पडद्यावर एक ढाल होती, ढाल धरणारे दोन चिमुकले हात होते, दोन्ही बाजूंस दोन मोठे कान होते, आणि कानांच्या मधोमध, जेथे बालवक्त्याचे मुख असावे, तेथे अंगठा. साहेब पडद्याकडे वाकले. त्यांचा हात नकळत आपल्या कानाकडे गेला.

“हा मी आहे,” साहेब म्हणाले.

“तुम्हीच असणार, सर. कान तेच आहेत.”

“अहो, पण तोंड कुठाय माझं?”

“कोठीत आहे, सर. कुलपात.”

साहेबांनी उभ्या उभ्या हुकूम लिहिला की, दफ्तराच्या शुद्धतेस्तव अंगठाग्रस्त तमाम पाने तत्काळ उघडावीत, आरंभ बालवक्त्यापासून करावा, आणि दाखल्याचे पुढे पाहू.

हुकूम पाहोन भांडारपाल काका गडबडले, कारण ऐसा हुकूम कोठीच्या इतिहासात आला नव्हता. किल्ली लागेना, मग तेल आणिले, मग लागली. आत धुळीने ऐसा मारा केला की काकांच्या शिंकांचा आवाज वाचनकक्षापर्यंत पोहोचोन तेथील मंडळी दचकली. साहेबांचा खंड प्रथम निघाला, साहेबांनी आपले मुख पाहिले आणि “अरे, बरा होतो की!” म्हणोन ते तेथेच स्टुलावर बसले. बाईंचा खंड मात्र ढिगाच्या अगदी तळाशी. बाई आणि काका यांनी वरचे खंड एकेक उतरविले, आणि अखेर ते पान खिडकीच्या उजेडात उघडिले.

कोपऱ्यात छापिले होते कुमारी, आणि पुढे मातोश्रींचे नाव, माहेरच्या आडनावानिशी, स्वच्छ. त्याखाली ओळ की, धाकट्या भगिनीचा पाय टेकल्याने त्या बाद जाहल्या. बाईंनी ते नाव वाचिले, आणि पुन्हा वाचिले, आणि चष्मा काढोन पुसू लागल्या. काकांनी विचारिले, “धूळ गेली का डोळ्यात?” बाई म्हणाल्या, “हो, धूळच.”

रविवारी जेवणे जाहल्यावर बाईंनी दोन्ही छापे टेबलावर ठेविले, एक अंगठ्याचा, एक अंगठ्याविना. बंधुराजांनी मोठ्याने वाचावयास घेतले आणि नावापाशी येता त्यांचा आवाज बारीक जाहला. मावशीने तो कागद ओढोन घेतला आणि वाचिला. मग मनगटावरचे घड्याळ सोडू लागली.

“ताई, हे तूच दिलं होतंस गं मला. पाय टेकला म्हणून मी मैदानात भोकाड पसरलं होतं ना? तू काढून माझ्या हातात बांधलंस. मी पार विसरले बघ. घड्याळ माझं, म्हणजे शर्यत पण माझीच, असंच वाटत गेलं मला.”

मातोश्री म्हणाल्या, “राहू दे तुझ्याच हातात. मला कधी घड्याळ बघून काही करायची सवय होती?”

यावर सर्व हसले, आणि बंधुराजांनी कोणास न सांगता बाहेर जाऊन फोनवर सोमवारची वेळ रद्द केली. मातोश्रींनी मात्र अंगठ्याचा छापा उचलोन उजेडात धरिला.

“हा कुणाचा अंगठा?”

“माझाच, आई. पान फुगत होतं म्हणून दाबला होता. आता ते पान काढून टाकते, नवं घालते.”

“काढू नकोस,” मातोश्री नखावरील खुणेवर बोट ठेवोन म्हणाल्या. “शाळेत जाईपर्यंत हाच चोखत होतीस तू. कडू औषध लावलं तरी सोडला नाहीस. आणि ही खूण मागच्या दाराची. मला सगळं आठवतं.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. अंगठ्याचे आणि अंगठ्याविना अशी दोन्ही पाने दफ्तरी दाखल जाहली, नव्या काचेचा अर्ज मंजूर जाहला, आणि वाचनालयाच्या दारात ढाल धरलेल्या बालवक्त्याची मोठी तसबीर लागली. आता कोणी मातोश्रींचे नाव संगणकास घातले तर ते सापडते. ही हकिकत खरी ऐसे जाणावे. साक्षीस मातोश्रींचे नाव, आणि शिक्क्याच्या जागी, त्या नावाच्या अगदी शेजारी, लेकीचा डावा अंगठा.