राघोजीअण्णांचा तम्म

राघोजीअण्णा राष्ट्रपतींच्या चुका काढायचे. खुद्द राष्ट्रपतींच्या. सचिवालयात भाषांतरकार म्हणून सरकारी हुकमांचं कन्नड करण्यात उभी हयात घालवून ते निवृत्त झाले होते आणि बंगळूरला जयनगरात आमच्या शेजारी राहायचे. बायको केव्हाच गेली होती, मूलबाळ नव्हतं. राजपत्र मात्र घरी यायचं. लाल पेन्सिल घेऊन ते व्हरांड्यात बसत आणि संरक्षण असो की परराष्ट्र खातं, राष्ट्रपतींच्या नावानं निघालेल्या प्रत्येक आदेशाखाली शेरा मारत, "मसुदा कच्चा." सुधारलेली प्रत टपालानं दिल्लीला जायची. उत्तर कधी आलं नाही. "लाज वाटत असेल त्यांना," अण्णा म्हणायचे.

एकदा सरहद्दीच्या परवान्यांच्या आदेशात 'किंवा'च्या जागी 'आणि' पडलं. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

चीनशी युद्ध झालं तेव्हा राष्ट्रपतींचा एक अध्यादेश निघाला. ज्याचे आईबाप किंवा आजा-आजी शत्रुदेशाचे नागरिक होते, त्याला परका धरता येईल, असा. आमच्या बाजारात दातांचा दवाखाना चालवणारे लिऊ डॉक्टर त्यात सापडले. जन्म बंगळूरचा, कन्नड आमच्याहून चांगलं. चीनहून आला होता तो त्यांचा आजा. आता त्यांना दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी लागली.

अण्णा राजपत्र घेऊन आमच्याकडे आले.

"मसुदा पक्का आहे रे," ते मला म्हणाले. "बोट ठेवायला जागा नाही. पण माणसाच्या आजोबाला हुकमात ओढतात? आपला खापरपणजा तंजावरहून आला, त्याच्या आधीचा साताऱ्याहून. आपण कुठं हजर व्हायचं?"

दिल्लीला अकरा पानी पत्र गेलं. सोमवारी म्हैसुरी पेटा आणि काळा कोट घालून अण्णा स्वतः डॉक्टरांबरोबर ठाण्यावर गेले. हजेरी घ्या, पण माणसाला उभं करून नाही, यावर तासभर भांडले आणि बाक मिळवला. मग दर सोमवारी जाऊ लागले. ते दिसले की हवालदार आपणहून बाक पुसायचे.

एका सोमवारी मीही सोबत होतो. हवालदार नवा होता. नातेवाइकाखेरीज कुणाला आत बसता येणार नाही, असं त्यानं कन्नडमध्ये बजावलं आणि अण्णांना विचारलं, हा तुमचा कोण?

मला वाटलं, आता कलमं निघणार. पण एका 'आणि'साठी उपाशी राहणारा माणूस खाली मान घालून म्हणाला, "तम्म. धाकटा भाऊ माझा."

हवालदारानं आधी अण्णांच्या नाकाकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या. "सरी," म्हणाला, म्हणजे ठीक, आणि लिहून घेतलं.

वर्षभरानं हजेरी थांबली. तरी सोमवार आला की डॉक्टर दवाखाना लवकर बंद करून अण्णांकडे जेवायला यायचे, आणि अण्णा सकाळपासूनच दोन पाट मांडून वाट बघत बसायचे.