ज्याचा त्याचा शब्द

अवघड इंग्रजी शब्द पाठ करायची जगातली सर्वांत सोपी पद्धत मी शोधून काढली आहे. शोध लागला तेव्हा घरात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण थोरांच्या बाबतीत हे असंच होतं.

मुलीला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश परीक्षा द्यायची होती. तीन हजार शब्द! एकेक असा, की उच्चारताना दात हलावेत. पोरगी रडकुंडीला आलेली.

"शब्दाला माणूस जोड," मी म्हणालो. "ज्याचा स्वभाव, त्याच्या वस्तूवर त्याचा शब्द!"

झालं! घरभर पिवळ्या चिकट चिठ्ठ्या. आईच्या चष्म्याच्या डबीवर 'क्वेरुलस – सतत कुरकुरणारी'. ती वाचून आईने अर्धा तास कुरकुर केली. शब्द कायमचा पाठ झाला. धाकट्या भावाच्या उशीवर 'इंडोलंट – आळशी'. त्याने ती काढायचेही कष्ट घेतले नाहीत. बायकोच्या कपाटावर काय होतं ते सांगत नाही; मला याच घरात राहायचं आहे.

आठवड्यात दोनशे शब्द पाठ! ऑफिसातसुद्धा मी जिथून जाईन तिथे मागे हशा पिकत होता. माणूस समाधानी असला की भोवती प्रसन्नता पसरते, ती अशी.

मग तिच्या कॉलेजच्या सरांचा फोन आला. शिफारसपत्र तेच देणार होते आणि आज शेवटची तारीख. ते पत्र नाही, तर तीन हजार शब्द पाण्यात! "कॉलेजला जाता जाता घरी डोकावतो," ते म्हणाले.

मी धावत सगळ्यांच्या चिठ्ठ्या उपटल्या. माझ्या वस्तू तपासायचा प्रश्नच नव्हता.

सर आले, माझ्या खुर्चीत टेकून बसले, चहा प्याले. "संध्याकाळी पत्र पाठवतो," म्हणत उठले. आणि त्यांच्या पाठीवर पिवळी चिठ्ठी! 'ग्रँडिलोक्वंट – उगाच मोठमोठ्या बाता मारणारा'.

मी सरळ त्यांना मिठी मारली. हात चिठ्ठीपर्यंत पोचेना.

"अहो, पत्र अजून लिहायचंय!"

"आनंद मावत नाहीये, सर!" म्हणत मी दुसरी मारली. तिसरीच्या आत सरांनी बॅग छातीशी धरली आणि जिना गाठला.

वीस मिनिटांत मुलीचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"शिपायाने माझ्या पाठीवरून एक चिठ्ठी काढली," सरांचा आवाज थंडगार. "अक्षर तुझंच ना?"

'आजीचं म्हण! आजीचं!' मी हातवारे करत होतो.

"माझंच, सर," पोरगी म्हणाली. "पण ती तुमच्यासाठी नव्हती. बाबांची आहे. तुम्ही त्यांच्या खुर्चीत बसलात."

पलीकडे सरांना हसू आवरेना.

"मग शब्द अचूक कळलाय तुला! पत्रात तसं लिहितो. चिठ्ठी परत पाठवू?"

"नको सर. खुर्चीवर मी रोज नवी लावते. आदल्या दिवशीची बाबा पाठीवर घेऊन ऑफिसला जातात."

पत्र संध्याकाळी आलं. मी हल्ली स्टुलावर बसतो. त्याला पाठ नसते.