न ऐकता दिलेले होकार

ऐकू आलं नाही की 'हो' म्हणायचं, हा निर्णय मी दोन हजार तीन साली घेतला. घेतला तेव्हा तो मला फार शहाणपणाचा वाटला होता.

पेठला आमची पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असताना कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळे तिथं सगळं बोलणं बोटांवर चालतं. बाईनं चिमूट दाखवली की बारीक, पंजा हलवला की जाडं. (भागूची बायको दोन्ही खुणा एकदम करते. तिला मी मधलं दळून देतो.) घोळ व्हायचा तो गिरणी बंद झाल्यावर. माणसं बोलायची आणि माझ्या कानावर शब्दांची नुसती शेपटं यायची. एकदा 'काय?' म्हटलं तर माणूस पुन्हा सांगतो. दुसऱ्यांदा म्हटलं तर मोठ्यानं सांगतो. तिसऱ्यांदा म्हटलं की 'जाऊ द्या' म्हणतो, आणि हे 'जाऊ द्या' मात्र मला स्पष्ट ऐकू यायचं. ते मनाला लागायचं. म्हणून ठरवलं, विचारायचंच नाही. 'हो' म्हणून मोकळं व्हायचं. समोरचा खूश होऊन निघून जातो.

तीन वर्षं हे चाललं. तोटे झालेच. जुन्नरचा नवाब आमची मोटर बघतो. दिवाळीच्या आठ दिवस आधी तो दारात येऊन काहीतरी म्हणाला. मी 'हो' म्हणालो आणि चहाचं सांगायला घरात गेलो. परत आलो तर नवाब नव्हता आणि मोटरही नव्हती. बायकोनं जुन्नरला फोन लावला, तेव्हा नवाबचं म्हणणं पडलं की, उघडून घेऊन जाऊ का असं त्यानं विचारलं होतं आणि भाऊ, म्हणजे मी, स्वतःच्या तोंडानं 'हो' बोलले होते. चार दिवस गिरणीपुढं भाजणीच्या डब्यांची रांग होती. बायका मला काय काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही, हे एका परीनं बरंच झालं.

मग दोन हजार सहाच्या पावसाळ्यात माझी बायको प्रयाग परसात शेवाळावरून घसरून पडली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. तिनं हाक मारली, "अहो, मी पडले." मी म्हणालो, "हो." मग ती म्हणाली की उठता येत न्हाई, इकडं या. मी म्हणालो, "हो, हो." तिसऱ्यांदा ती काय म्हणाली ते तिनं मला आजपर्यंत सांगितलेलं नाही, पण त्यालाही मी 'हो' म्हणालो होतो एवढं मात्र ती सांगते. शेवटी शेजारच्या साळुबाईंनी तिला धरून घरात आणलं. घोटा टम्म सुजला होता. मी पेपरातून मान वर करून विचारलं, "कुठं गेलती?"

त्यानंतर प्रयाग माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मला ते कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती लंगडत येऊन माझ्यापुढं उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी दोन दिस बोलत न्हाई." मी म्हणालो, "हो." त्यावर ती खाली बसून रडायला लागली. रडू हे डोळ्यांना दिसतं, त्यामुळे तेवढं मला समजलं.

आमची मुलगी अश्विनी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होती, शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली होती. शनिवारी घरी आली, आईचं ऐकून घेतलं आणि सोमवारी मला मंचरला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. प्रयागही लंगडत बरोबर आली. तिथं मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले आणि हातात एक बटण दिलं. बारीक आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे मशीन चालवणारी मुलगी बसली होती. ती माझ्याकडे बघायची. इतकी आशेनं बघायची की बटण न दाबणं मला बरं वाटेना. मी दाबत गेलो.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "काका, तुम्हाला आम्ही न वाजवलेलेही आवाज ऐकू आलेत."

पुन्हा तपासणी झाली. या वेळी मशीनवरच्या मुलीला माझ्याकडे पाठ करून बसवलं. डॉक्टरांनी सांगितलं की गिरणीच्या आवाजानं दोन्ही कान गेलेत, पण डावा थोडा आणि उजवा फार. आवाजानं बहुतेक वेळा दोन्ही सारखे जातात. एकच जास्त गेला असेल तर कानाच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघून घ्यावं लागतं. त्यासाठी पुण्याला जाऊन एमआरआय करा.

'गाठ' हा शब्द मला पहिल्याच फटक्यात ऐकू आला.

परत येताना एस. टी.त प्रयाग नेहमीच्या खिडकीजवळच्या जागेवर बसली नाही. माझ्या डाव्या कानाच्या बाजूला येऊन बसली. पुण्याला जायच्या दिवशीही ती तशीच बसली होती. मधल्या आठ दिवसांत तिनं लेण्याद्रीच्या गणपतीला नारळ बोलून ठेवला. घोट्याला पट्टी असताना पायऱ्या कोण चढणार हा प्रश्न मी विचारला नाही. मला जेवण जात नव्हतं. दळताना हात पिठात तसाच राहायचा आणि समोरची बाई डबा हलवून मला जागं करायची. मी नसलो तर गिरणीच्या या दगडांना छिन्नीनं टाकी कोण लावणार, असा विचार यायचा. (दगडाला टाकी लावली नाही तर पीठ गरम येतं. माणूस मरायला निघाला तरी असलं डोक्यात येतं.)

पुण्याच्या सेंटरवर एक पोरसवदा टेक्निशियन फॉर्म घेऊन आला. तो कागदाकडे बघत बघत विचारत होता, त्यामुळे मला त्याचे ओठही दिसत नव्हते. अश्विनी पावती करायला खिडकीपाशी गेली होती आणि प्रयाग बाकावर लांब बसली होती. मी एकटा होतो आणि मनातून घाबरलेला होतो. त्यानं विचारलं, मी 'हो' म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा 'हो' म्हणालो. पाचव्या प्रश्नाला त्यानं पेन खाली ठेवलं आणि आत जाऊन एका वयस्कर डॉक्टरीणबाईंना घेऊन आला.

बाई सरळ प्रयागकडे गेल्या आणि त्यांनी विचारलं, "यांच्या छातीत पेसमेकर कधी बसवला?"

मी काय काय कबूल केलं होतं ते मग वाचून दाखवण्यात आलं. छातीत पेसमेकर, मेंदूचं ऑपरेशन होऊन आत बसवलेली क्लिप, डोळ्यात लोखंडाचा कण आणि गुडघ्यात स्टीलची वाटी. प्रयाग माझ्याकडे बघत राहिली. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस एवढं लपवून बसला, असं तिच्या तोंडावर होतं.

"मागल्या साली दगड आणायला म्हणून दोन दिस गेलता," ती म्हणाली, "तवा केलं का ह्ये समदं?"

हे मला ऐकू आलं, कारण ती डाव्या कानापाशी येऊन बोलली. आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं तर पुन्हा 'हो'च येत होतं. मी ते गिळलं. सेंटरवरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "मला ऐकू येत न्हाई. ऐकू आलं न्हाई की मी हो म्हणतो. तीन वर्षं झाली."

एवढंच वाक्य होतं. बोलून मी बाकावर बसलो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या समोर स्टूल ओढून बसल्या, तोंड माझ्याकडे केलं आणि सावकाश सांगितलं की आतलं मशीन म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक आहे. न ऐकता 'हो' म्हणालात म्हणून आम्ही थांबलो. कुणी न ऐकता 'नाही' म्हणालं आणि अंगात खरंच लोखंड असलं, तर ते जिवावर बेततं. मग त्यांनी एकेक प्रश्न पुन्हा विचारला. टाकी लावताना ठिणग्या उडतात, म्हणून डोळ्यांचा एक एक्स-रेही काढून घेतला. त्यात काही निघालं नाही.

तो एक्स-रे होईपर्यंत आम्ही तिघं बाकावर होतो. अश्विनी पावती घेऊन आली, तिनं आईकडून सगळं ऐकलं. मग माझ्यापुढं उकिडवी बसली.

"अप्पा, मग बेंगलोरचं?"

"काय बेंगलोरचं?"

कॉलेजात कंपनी आली होती, तिला नोकरी लागली होती आणि जुलैत निघायचं होतं ते कंपनीनं महिनाभर पुढं ढकललं होतं. गणपतीच्या आधी तिला जायचं होतं. हे तिनं मला गिरणीच्या दारात, चांगली पाच मिनिटं उभी राहून सांगितलं होतं. मी 'हो' म्हणालो होतो. अप्पांनी एका शब्दात परवानगी दिली, असं तिनं सगळ्या मैत्रिणींना सांगितलं होतं.

मी विचारलं, किती लांब आहे. ती म्हणाली, रात्रभराची गाडी. राहणार कुठं, कुणाबरोबर, जेवणाचं काय, हे सगळं मी विचारलं. ती डाव्या कानाशी तोंड आणून एकेक सांगत होती.  सगळं ऐकून झाल्यावर मी म्हणालो, "जा." 'हो' म्हणायची मला त्या दिवशी भीती वाटली.

मग मला आत नेलं. टेक्निशियननं माझ्या कानात मऊ बोळे घातले, वरून हेडफोन चढवले आणि हातात एक रबरी फुगा दिला. घाबरलात तर दाबा. मी खुणेनं विचारलं, बोळे कशाला? त्यानं डावा बोळा काढून कानात सांगितलं की मशीनचा आवाज लई मोठा असतो, अर्धा तासही कुणाला उघड्या कानानं झोपवत नाहीत. मी त्याला सांगितलं की मी बावीस वर्षं उघड्या कानानं उभा आहे.  बोळे नीट बसलेत का ते त्यानं परत एकदा बघितलं.

मशीन सुरू झालं. धडधड, मग खडखड, मग एका लयीत ठकठक. लोक तिथं घाबरतात म्हणे. मला आठ दिवसांत पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. पट्टा नीट बसलाय, दगड सारखा फिरतोय, असा तो आवाज होता. मला झोप लागली. मधेच टेक्निशियननं माइकवरून विचारलं, ठीक आहे ना? मला ऐकू आलं नाही. त्यानं परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारून त्यानं मशीन बंद केलं, आणि आवाज थांबताच मी दचकून उठायला गेलो (गिरणी बंद पडली की मी असाच उठतो), तर कपाळ वर आपटलं. बाहेर ओढून काढलं तेव्हा चार माणसं भोवती उभी होती आणि प्रयाग दारातून देवाचं नाव घेत होती. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्या खेपेला मी झोपू नये म्हणून तो टेक्निशियन आत येऊन माझा पाय धरून उभा राहिला.

गाठ निघाली नाही. मंचरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि मी गिरणीत कसा उभा राहतो ते करून दाखवायला लावलं. मी उभा राहिलो. मोटर उजव्या कानापासून हातभर अंतरावर येत होती. बावीस वर्षं. गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा, असं ते म्हणाले. आता दळताना मी कानांवर जाड टोप्या लावतो. उजव्या कानासाठी मशीन घेतलं. लेण्याद्रीच्या पायऱ्या मी एकट्यानं चढून नारळ फोडून आलो आणि अश्विनीला पुण्याला जाऊन गाडीत बसवून दिलं. ती खिडकीतून काय काय सांगत होती ते सगळं मला ऐकू आलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी मी मशीन लावून मंदिरात भजनाला गेलो. आमच्या भजनी मंडळात मी पंधरा वर्षं बुवांच्या मागं म्हणतो. पहिला अभंग सुरू झाला. मृदंग स्वच्छ, टाळ स्वच्छ, बुवांचा आवाज स्वच्छ, आणि मधेच कुठून तरी फाटका पत्रा ओढल्यासारखं ऐकू यायला लागलं. मी म्हणायचं थांबलो की ते थांबायचं.

दुसऱ्या दिवशी मी मशीन घेऊन मंचरला दुकानात गेलो आणि सांगितलं की यात बाकीच्यांचे आवाज नीट येतात, माझा तेवढा बिघडून येतो. दुकानदारानं ते उघडून तपासलं, स्वतःच्या कानाला लावून बघितलं आणि परत दिलं. मशीनमध्ये काही बिघाड नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी नुसते टाळ वाजवले, म्हटलं काहीच नाही. आज गप्प का, असं मंडळातल्या एकानंही विचारलं नाही. मशीन कानात होतं आणि मी लक्ष देऊन बसलो होतो, त्यामुळे कुणी विचारलं असतं तर ऐकू आलं असतं.