पिसं चूक झाकतात

आमचा शेजारी तांबे वर्तमानपत्र घेतो ते वाचायला नाही, भोक पाडायला. त्याच्या गॅरेजमध्ये एक लाकडी चौकट आहे. तिच्यावर तो पान ताणून चिकटवतो, दोन मीटरवर उभा राहतो आणि धनुष्याने त्यातून बाण सोडतो. बाण मागच्या फोमच्या ठोकळ्यात रुततो, तिकडे तांबे बघतही नाही. तो कागदाला नाक लावून भोक वाचतो.

"शेपूट डावीकडे, आठ मिलिमीटर. लिही."

मी लिहितो. गेली तीन वर्षं, बहुतेक दर शनिवारी सकाळी, मी गुंगालिन या आमच्या उपनगरातल्या त्या थंडगार गॅरेजात स्टुलावर बसून हेच करतो. मला नीट आखलेला तक्ता आवडतो हे तांब्याने कधीतरी हेरलं, आणि मी अडकलो.

बाण सरळ सुटला तर कागदाला एक गोल भोक पडतं आणि भोवती तीन पिसांच्या तीन चिरा. तिरका सुटला तर कागद टरकतो. तिरक्या बाणाचा अर्धा जोर डुलण्यात जातो आणि तो जनावरात खोल शिरत नाही. शास्त्र एवढंच. पण त्यासाठी तांबे बाणाचं टोक जड करतो, दांडा पाव इंच कापतो, दोरी अर्धा मिलिमीटर सरकवतो आणि प्रत्येक बदलानंतर एक पान फाडतो. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. बारा बाणांमध्ये दोन ग्रेनचा फरक निघाला तर तांब्याला जेवण जात नाही.

शेवटी तो बाणाची पिसंच काढून टाकतो आणि तसाच सोडतो. "पिसं चूक झाकतात, मोरे. उघडा बाण खोटं बोलत नाही."

हे वाक्य तो सगळीकडे वापरतो. ऑफिसात नवी मॅनेजर आली, तिने चाळीस स्लाइड दाखवल्या. तांबे घरी येऊन म्हणाला, "पिसं फार आहेत."

लांबट वस्तू हातात आली की तिचा तोल बोटावर बघायचा, हा दुसरा नाद. लाटणं, छत्री, गणपतीच्या जेवणाला कुणी आणलेलं पडवळ. "पुढे जड हवं," असं म्हणून तो ते पडवळ परत देतो. एकदा इंडियन शॉपमध्ये तो शेवग्याच्या शेंगा एकेक करून काउंटरवर लोळवत होता. बाण वाकला आहे का ते असंच बघतात. दुकानदार जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "अंकल, सब सांभार में ही जानी है."

"वो तो ठीक है," तांबे म्हणाला, "लेकिन ग्यारह में से चार टेढ़ी हैं." आणि सरळ सात घेऊन आला.

इतकं करून तांबे शिकारीला जात नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "अजून बाण तयार नाही." त्या दिवशी सलग बारा पानांवर बारा गोल भोकं पडली होती. नोंद माझ्याच हातची आहे.

खरं कारण सुलभावहिनींनी सांगितलं. "भावोजी, तुम्ही इथे राहायला यायच्या आधी हे एकदा गेले होते. यास गावाच्या पलीकडे मार्गारेटची मेंढ्यांची जमीन आहे ना, तिथे. एका रानडुकरिणीला बाण मारला. लागला, पण आत गेलाच नाही. ती तशीच बाण घेऊन पळाली. हे दोन दिवस रान तुडवत होते. सोमवारी खोटं आजारपण सांगून पुन्हा गेले. नाही सापडली. त्यानंतरची ही सगळी भोकं."

मग या ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मार्गारेटचा फोन आला. एक मोठा डुक्कर तिची नवी कोकरं खात होता, पंधरवड्यात अकरा. विष घालायचं तर तिचा म्हातारा कुत्रा मोकळा फिरतो. येत्या रविवारपर्यंत काही झालं नाही तर ती शिकारी कुत्रे पाळणाऱ्यांना बोलावणार होती.

तांब्याने फोन ठेवला. "चार कुत्रे त्याला धरून ठेवतात, मोरे. माणूस सुरी घेऊन पोहोचेपर्यंत."

"मग तू जा."

"आणि पुन्हा तसंच झालं तर?"

मी फाइल उघडली. "गेल्या चाळीस बाणांत एकही तिरका नाही."

"कागदाला फासळ्या नसतात," तो म्हणाला. पण शनिवारी पहाटे गाडी काढली, आणि मला शेजारी बसवलं.

मार्गारेट फाटकावरच उभी होती. "सो यू आर द मेट हू डझ द नंबर्स," ती मला म्हणाली आणि मला एक बीनी, म्हणजे लोकरीची टोपी, दिली. सकाळ फुकट गेली. दुपारनंतर आम्ही ओढ्याकाठच्या आडव्या पडलेल्या झाडामागे वाऱ्याच्या उलट अंगाला बसलो. तांब्याने मला एकच काम दिलं होतं. "बाण सुटला की घड्याळ लाव. डुक्कर पडला की थांबव."

"कशाला?"

"सांगितलंय ते कर ना."

साडेचारला डुक्कर आला. थंडीत त्याच्या नाकातून वाफ निघत होती. अठरा मीटरवर थांबून तो चिखल उकरू लागला. तांब्याने दोरी ताणली. डुकराचं तोंड आमच्याकडे होतं, आणि समोरून मारलेला बाण नीट आत जात नाही. तांबे तसाच धरून राहिला. त्याच्या कोपराला कंप सुटला. त्याने दोरी हळूच सैल सोडली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात डुक्कर आडवा वळला आणि तांब्याने पुन्हा ताणली.

बाण गेलेला मला दिसलाच नाही. पलीकडच्या मातीत काहीतरी खुपसल्याचा आवाज आला, म्हणजे तो आरपार गेला होता. डुक्कर दचकला, ओढ्याच्या कडेने धावला, अडखळला, पुन्हा उठला आणि कडेच्या गवतात आडवा झाला. मी घड्याळ थांबवलं.

मी तांब्याच्या पाठीवर थाप मारणार होतो. पण त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"किती?"

मी घड्याळ बघितलं. चौदा सेकंद झाले होते.

"नऊ," मी म्हणालो.

"नऊ." त्याने मान हलवली. "बरोबर बघितलंस ना?"

"बघितलं."

मग आम्ही गवतापर्यंत गेलो. तांब्याने टोपी काढली, गुडघा दुखत असूनही खाली बसला आणि त्या राठ, चिखलाने भरलेल्या मानेवर हात ठेवला.

"नऊ पण खूप झाले रे," तो म्हणाला. मला नाही, त्याला.