ट्रकला वाकळ

दिवाळी सरली की बजरंगतात्या आपल्या ट्रकला वाकळ पांघरतात. चेष्टा नाही. जुन्या लुगड्यांची, आतून बारदान लावलेली, चांगली जाड वाकळ. रेडिएटर पुरता झाकेल अशी ती समोरच्या जाळीवर सुतळीनं आवळायची आणि मगच गाडीला किल्ली लावायची. वडूजच्या चौकातून हा ट्रक निघाला की कान बांधलेली बाळंतीण माहेराहून निघाल्यासारखं वाटतं.

मी त्या ट्रकच्या मालकांकडे ऑफिसात असतो. कुठली गाडी कधी कुठं जाईल हे ठरवणं माझं काम आणि ते न ऐकणं ड्रायव्हर लोकांचं. तात्यांची फेरी मात्र ठरलेली. पहाटे सहाला वडूज सोडायचं, लोणंदवरून शिरवळच्या कारखान्यात माल टाकायचा आणि तिथून साताऱ्याचा माल भरून दुपारी खंबाटकी घाट चढायचा.

"तात्या, हे काय काश्मीर आहे का?" मी दरवर्षी विचारतो.

"आवं सायेब, इंजिनालाबी छाती असती. वारं फुडनं लागतंय. आमी बनिहालला हुतो तवा सरदार लोक आदी गाडीला पांघरूण घालायचं, मग सोताला."

तात्या तरुणपणी सफरचंदाच्या गाड्या चालवायला तिकडं होते, हे खरं. तिकडच्या थंडीत जाळी झाकावी लागते, हेही खरं. पण ते शास्त्र जसंच्या तसं खटाव तालुक्यात आणणारा माणूस एकच. माझ्या स्कूटरच्या तोंडाला त्यांनी न विचारता पोतं बांधलं. ऑफिसातल्या पाण्याच्या मोटरीला टोपडं शिवून आणलं. मालकांनी नवी कोरी मोटार घेतली तेव्हा आम्ही सगळे पेढे खात होतो. तात्या वाकले, जाळीवर हात ठेवला आणि हळहळले, "उघडीच हाय की वो ही!"

गंमत होती तोवर ठीक होतं. पण गेल्या डिसेंबरात शिरवळला वाकळ सोडायची तात्या विसरले आणि भर दुपारी खंबाटकीत गाडीनं भसाभसा वाफ सोडली. मागं गाड्यांची ही रांग! मालकांनी मला बोलावून सांगितलं, "उद्यापासून ती वाकळ दिसता कामा नये. पुन्हा गाडी तापली तर म्हाताऱ्याला घरी बसव."

तात्या बासष्टचे. इथलं स्टिअरिंग सुटलं तर दुसरं कोण हातात देणार? मी त्यांना परोपरीनं समजावलं. ते म्हणाले, "गाडी सोडीन, वाकळ सोडायचो न्हाई."

माझं डोकंच फिरलं. हट्टाला काही सुमार? दुसऱ्या दिवशी पहाटे कुडकुडत मी हजर झालो आणि वर चढून बसलो. "आज मीच येतो. सोडा ती वाकळ."

"गावाभाईर सोडतो," म्हणत तात्यांनी गाडी काढली.

गावाबाहेर शेवटच्या घरापाशी गाडी थांबली, पण वाकळीसाठी नव्हे. ओट्यावर शालनकाकी बसल्या होत्या, तात्यांच्या मंडळी. चार वर्षांपूर्वी त्या आजारी पडल्या, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. तात्यांनी त्यांना अलगद उचलून वर बसवलं. काकींचा उजवा हात पोटाशी आखडलेला होता, मूठ घट्ट वळलेली. ड्रायव्हरशेजारी इंजिनाचं झाकण असतं, त्याला बोनेट म्हणतात. तात्यांनी त्यावर टॉवेल अंथरला आणि तो हात त्यावर ठेवला.

"लकवा मारलाय," गाडी चालू करत ते म्हणाले. "घरात एकलीला कसं ठिवू? पोरगी सासरी. डाक्टर म्हणलं, शेक द्या. गार वारं लागलं की बोटं आवळत्यात. जाळी झाकली की बोनेट बिगीनं तापतंय आन् वारंबी आत येत न्हाई."

"मग हे आधी सांगायचंत की!"

"काय सांगू? बायकूच्या हातासाठी गाडीला वाकळ घालतोय म्हणून? लोक हसत्याल. त्यापरास बनिहाल बरं पडतंय."

काकी पदराआड हसल्या. "मलाबी ह्ये कवा एका शबुदानं सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

लोणंद येईतो काकींचा अंगठा सुटला, मग एकेक बोट. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माझी मलाच लाज वाटली.

शिरवळला उतरल्यावर मी मालकांना फोन लावला. "जाताना वाकळ राहील. येताना ती सोडल्याशिवाय गाडी हलणार नाही, रोज मी खात्री करीन. तापली तर तात्यांच्या आधी मला घरी बसवा." मालक म्हणाले, "बघ बाबा, तुझं तू."

तेव्हापासून रोज बाराला माझा शिरवळला फोन. "सोडली का?" "सोडली." महिनाभर एवढंच बोलणं.

जानेवारी संपता संपता एकदा तात्या फोनच उचलेनात. एकदा, दोनदा, पाचदा. गाडी तशीच घाटाला लागली की काय! पंचवीस मिनिटांनी फोन लागला.

"तात्या, वाकळ?"

"सुटली."

"मग इतका वेळ कुठं होता?"



"हितंच हुतो. शालन सोडत हुती, उजव्या हातानं. मला म्हणली, तुमी मधी पडू नगासा. येक गाठ, सायेब. आख्खी सोडली तिनं."